गुरुवारी अर्जंट

पांझरेचा पूल ओलांडला की आमचं देवपूर.
लग्नाचा बस्ता लोक अजून पलीकडेच बांधतात,
आग्रा रोडला, नाहीतर पाचकंदीलला.
इकडे त्यानंतरचं सगळं :
मॅचिंग, फॉल, पिको, मोबाइलची काच,
आणि सात वाजले की
ठेच्याच्या फोडणीने शिंकणारा रस्ता.

ओस्तवाल साडी सेंटरच्या जिन्याखाली
चार बाय सहाची माझी जागा.
मान वर केली तर पायऱ्यांची पाठ,
समोर पाहिलं तर चपला.
साक्रीच्या बसमधून उतरलेल्या, नर्सिंगच्या पोरींच्या,
भांडून आलेल्या जोडप्याच्या,
एक पुढे, एक मुद्दाम मागे.

दोनशे चाळीस रिळं आहेत माझ्याकडे.
रस्ता मी त्यांच्यावरूनच ओळखते.
ज्यूसवाल्याचं नवं शटर एकशे बारा,
बँकेचा बोर्ड सत्तावीस, जरा विटलेला,
आणि समोर 'हॉटेल लळिंग, फॅमिली रूम वर',
त्याच्या लालला माझ्याकडे रीळ नाही.
तिथला लोटन दुपारी बटण लावून घ्यायला येतो.
पैसे घेतले नाहीत की संध्याकाळी
पाटोडीची वाटी झाकून आणतो,
अन् वाटी परत न्यायला विसरतो.

एक साडी मात्र राहिली.
हिरवी, भरताच्या वांग्यासारखी.
(इकडे वांगं हिरवंच. जांभळ्याचं भरीत
पाहुण्याला वाढायची आमची छाती नाही.)
चिठ्ठीवर माझंच अक्षर : बोरसे. गुरुवारी. अर्जंट.
खाली फोन नंबर, नऊच आकडे.

दहावा मी शून्यापासून लावून पाहिला.
एकाने शिव्या दिल्या.
एक चाळीसगावचा निघाला, ट्रॅक्टरचे टायर विकणारा.
एक बाई खूप वेळ बोलली,
सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल,
साडी तिची नव्हती.
बाकीचे लागलेच नाहीत.

तीन दिवाळ्या गेल्या.
जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येक टाचेत मी बोरसे शोधली.
साडीची घडी मोडून पुन्हा घातली,
नाहीतर चिरते, म्हणून.

मग एका मंगळवारी, आमची ओळ बंद असताना,
मी ती नेसले.
रस्ता ओलांडायला वीस पावलं लागली,
अकरा वर्षं समोर बसून
मोजली नव्हती कधी.

"किती जण, मॅडम?" लोटनने विचारलं.
त्याने मला उभी कधी पाहिलीच नव्हती.
"एक," म्हटलं.
आवाजावर थबकला. टेबल पुसलेलंच पुन्हा पुसलं.
"तिखं चाली ना, ताई?"
"चाली."

वरच्या खिडकीतून माझी जागा दिसली,
बंद, काड्यापेटीएवढी.
इथून चपला दिसत नाहीत, नुसते भांग दिसतात.
शेवभाजी आली, कळण्याची भाकरी, कांदा फोडून.
पहिल्या घासालाच नाक वाहायला लागलं
आणि मला उगीच बरं वाटलं,
डोळे पुसायला कारण झालं.

शेजारच्या टेबलावरची बाई
माझ्या काठाकडे बघत होती.
बघतच होती.
भाकरी माझ्या हातातच राहिली.
"फॉल छान बसलाय," ती म्हणाली. "कुठे लावला?"
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
"बंद दिसतंय," ती म्हणाली,
आणि मुलाच्या ताटातली शेव वेचायला वळली.
नाव विचारायचं राहिलं.
राहिलं कसलं, विचारलं नाही.

उठताना निरीवर तर्रीचा एक थेंब.
लोटनने लिंबू आणून दिलं, चोळा म्हणाला.
मी चोळलं नाही.
घरी न जाता शटर अर्धं वर केलं,
वाकून आत शिरले
आणि बल्बखाली एकेक रीळ
त्या डागाशेजारी धरून पाहत बसले.